निकालानंतर बघू

(द्वितीय वर्ष, कला)

जागरण करून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याचे आपल्याकडे फार कौतुक होते. स्नेहसंमेलनाला आलेले पाहुणे रस्त्यावरील दिव्याखाली वाचून मोठ्या झालेल्या कोणाची तरी गोष्ट सांगतात आणि आपण टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्या आहेत. परंतु यंदा जे जागरण माझ्या वाट्याला आले, त्यावरून माझे मत पालटले. विद्यार्थी मित्रमैत्रिणींपुढे व गुरुजनांपुढे ते मांडावे, एवढ्यासाठी हा लेख.

आमच्या माण तालुक्यातील गावात शेतीची वीज एक आठवडा दिवसा, तर एक आठवडा रात्री येते. भाऊ लहान असल्याने रात्रपाळीला अण्णांबरोबर कांद्याला पाणी द्यायला मी जाते. एक वाफा भरला की दारे मोडून पाणी पुढच्या वाफ्यात घ्यायचे. मधल्या वेळात काही काम नसते. अण्णा बांधावर बसून तंबाखू मळतात, आणि मी मोबाईलवर बी. ए. नंतर काय करता येईल ते शोधते. हा शोध असा डोक्यात बसला, की दिवसपाळीच्या आठवड्यातही मला एक वाजता जाग येऊ लागली. मग गोधडीत तोंड खुपसून तेच वाचन! सकाळी आठच्या गाडीत झोप आणि पहिल्या तासाला जांभया. ज्या प्राध्यापकांनी त्या पाहिल्या असतील, त्यांची येथे क्षमा मागते.

माझ्या घरात पदवीपर्यंत कोणी गेलेले नाही. 'बी. ए. नंतर काय?' असे विचारले की 'निकालानंतर बघू' हे उत्तर ठरलेले. आमच्याकडे 'बघणे' हे क्रियापद मुलीच्या बाबतीत एकाच अर्थाने वापरतात, हे वेगळे सांगायला नको. पण तो अर्थ बाजूला ठेवला, तरी या उत्तरात मोठी चूक आहे, आणि ती मला या रात्रींतच कळली. निकालानंतर बघण्यासारखे फारसे काही उरत नाही. जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, हैदराबादचे केंद्रीय विद्यापीठ, टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांच्या एम्. ए. साठी आता सी. यू. ई. टी. नावाची सामाईक परीक्षा द्यावी लागते. 2024 व 2025 या दोन्ही वर्षी तिचे अर्ज फेब्रुवारीपर्यंतच भरून घेतले गेले आणि परीक्षा मार्चमध्ये सुरू झाली. म्हणजे पदवीचा शेवटचा पेपर लिहिण्याआधीच! शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला अर्ज करता येतो, हेही तेथेच वाचले. आमच्या गल्लीतील एक ताई प्रथम वर्गात उत्तीर्ण झाली, पेढे वाटून झाले, आणि जूनमध्ये ती चौकशीला गेली. तेव्हा तिला अर्जाची मुदत कधीच संपल्याचे समजले. हुशारी कमी पडली नव्हती. तारीख कोणी सांगितली नव्हती.

आणखी एक कोडे आमच्याच वर्गापुढे आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडल्यास एम्. ए. दोन वर्षांचे, आणि चौथे वर्ष केल्यास एकच वर्षाचे. आपल्या महाविद्यालयात चौथे वर्ष निघणार का, आमच्या विषयात निघणार का, हे मी चार जणांना विचारले. चार उत्तरे मिळाली.

रात्रीच्या या वाचनाचे तोटेही प्रामाणिकपणे सांगते. दोन वाजता सारेच एक तर हाताशी आल्यासारखे वाटते, नाहीतर अशक्य. एका रात्री मी मनाने दिल्लीला जाऊन वसतिगृहात खोलीसुद्धा घेतली होती. सकाळी म्हशीची धार काढताना त्याचीच लाज वाटली. शिवाय माहिती सारी इंग्रजीत, आणि मध्येमध्ये शिकवणी वर्गांच्या जाहिराती. खरे कोणते आणि विकाऊ कोणते, हे ओळखण्यातच निम्मी रात्र जाते. तुळजापूरला आम्ही दर दोन वर्षांनी भवानीच्या दर्शनाला जातो. ग्रामीण विकास शिकवणारी टाटा संस्थेची शाखा त्याच गावात आहे, हे मला एकोणिसाव्या वर्षी बांधावर बसून कळावे, याला काय म्हणावे?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली आपल्याच जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या पिढीने शिक्षण खेड्यातल्या माणसाच्या दारापर्यंत नेले. 'तुमचे तुम्ही शोधून घ्या' असे म्हटले नाही. ज्यांचे वडील पदवीधर आहेत, त्यांना या तारखा जेवताना कळतात. आमच्यासारख्यांचे ते जेवणाचे ताट म्हणजे महाविद्यालय. गुरुजनांनी राग मानू नये. दर डिसेंबरात तृतीय वर्षासाठी एक तास आणि ग्रंथालयाच्या दारात तारखांचा एक फळा, एवढेच मी मागते. वर्तमानपत्रांशेजारची भिंत मोकळीच आहे. फळा लिहायचे काम मी आनंदाने करीन. अक्षर बरे आहे.

एके रात्री अण्णांनी विचारले, "काय बघतीस गं एवढं?"

"एम्. ए.ची माहिती."

"ती काय रातचीच दिसती व्हय?"

मला हसू आले, पण उत्तर सुचले नाही. मग मी त्यांना सगळे सांगितले. पुढच्या डिसेंबरात अर्ज भरायचा, मार्चमध्ये परीक्षा, आणि निकालानंतर बघायला गेलो तर वर्ष वाया. एम्. ए. नंतर नेटची परीक्षा देऊन संशोधनवृत्ती मिळाली, तर 2023 पासून ती महिन्याला 37,000 रुपये आहे, हेही सांगितले. त्यांनी आकडा पुन्हा विचारला नाही. बॅटरी घेऊन उठले, दारे मोडले, आणि परत येऊन म्हणाले, "डिसेंबरात हळवा कांदा निघालेला असतो. तवा हातात पैसं असत्यात. तारीख तेवढी सांगून ठेव."

पुढचा वाफा अर्धा भरला आणि वीज गेली.