ग्रंथालयांत न सांपडलेलें पुस्तक

जें चरित्र आम्ही येथें सांगणार आहों, तें वाचून कांहीं पालकांच्या कपाळास आंठ्या पडतील हें आम्ही जाणून आहों. तरी तें सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

बार्बरा गिटिंग्ज या अमेरिकन बाईंचा जन्म १९३२ सालीं व्हिएन्ना येथें झाला. आपलें प्रेम स्त्रियांवरच बसतें, हें कॉलेजांत असतांना त्यांस उमगलें. विचारावें कोणास? त्या ग्रंथालयें धुंडाळूं लागल्या. हातीं आलीं तीं पुस्तकें रोग व विकृति यांविषयींचीं; त्यांत त्यांस स्वतःची ओळख कोठेंच पटेना. या शोधापायीं अभ्यास बुडाला आणि कॉलेज सुटलें.

पुढें १९५८ सालीं त्यांनीं समलिंगी स्त्रियांच्या 'डॉटर्स ऑफ बिलिटिस' या संस्थेची न्यूयॉर्क शाखा काढली, आणि १९६३ ते १९६६ पर्यंत त्या संस्थेचें 'द लॅडर' हें मासिक संपादिलें. मुखपृष्ठावर खऱ्याखुऱ्या स्त्रियांचीं छायाचित्रें त्यांनीं छापलीं. ओळख पटली तर नोकरी जावी असा तो काळ. त्या चित्रांस काय धैर्य लागलें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. १९६५ सालीं व्हाइट हाउससमोर फलक घेऊन उभ्या राहिलेल्या मूठभर मंडळींत त्या होत्या. समलिंगी प्रेम हा रोग नव्हे, हें अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या संघानें १९७३ सालीं मान्य केलें, त्यामागेंही त्यांची खटपट होती.

आम्हांस मात्र त्यांचें दुसरेंच काम अधिक मोलाचें वाटतें. स्वतः ग्रंथपाल नसतां त्यांनीं १९७१ पासून पंधरा वर्षें अमेरिकन ग्रंथालय संघांतील एका मंडळाची धुरा वाहिली, आणि या विषयावरील चांगल्या पुस्तकांच्या याद्या ग्रंथालयांच्या हातीं दिल्या. त्या २००७ सालीं वारल्या.

अशा पुस्तकांनीं मुलें बिघडतात, असें म्हणणाऱ्यांस आम्ही विचारतों कीं, गिटिंग्जबाईंस कोणत्या पुस्तकानें बिघडविलें? त्यांना तर पुस्तकच मिळालें नव्हतें! पुस्तक दडविल्यानें प्रश्न दडत नाहीं. तो मुलाच्या उरांत एकटाच कुढत राहतो, व परीक्षेचे गुण घसरले म्हणजे आपण त्यास आळशी म्हणतों. आमच्या वर्गांत असें कोणी नसेल, असें छातीठोकपणें सांगण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं. म्हणून चालकांस आमची विनंति आहे कीं, या बाईंचें चरित्र पुढील वर्षीं ग्रंथालयांत आणावें, व तें कुलुपाच्या कपाटांत न ठेवतां इतर चरित्रांच्या रांगेंतच लावावें.