झुकणाऱ्या चाकाला सपाट टायर

मोटरसायकलच्या मागच्या चाकाला मोटारीचा टायर बसवावा, असं ठामपणे सांगणारी माणसं आता आपल्या भागातही भेटतात. बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, कुठल्याही टायरच्या दुकानापुढं थोडा वेळ उभं राहिलं की विषय निघतो. कुणी मोबाइलवर परदेशातली एखादी अवजड गाडी दाखवतो आणि विचारतो, ‘त्यांना चालतं, मग आपल्याला का नाही?’ माझं उत्तर स्पष्ट आहे: झुकून वळणाऱ्या चाकाला सपाट टायर घालू नये. पण नुसतं ‘नको’ म्हणून भागत नाही. ज्या गरजेतून ही कल्पना निघते ती गरज खरी आहे, म्हणून तिचं उत्तरही द्यायला हवं.

आधी त्यांचा पक्ष नीट मांडतो. सीमाभागातली मोटरसायकल ही शहरातल्या माणसाची हौसेची गाडी नव्हे. तिच्यावर पहाटे दुधाचे कॅन असतात, सुगीत तुरीचं पोतं असतं, पौर्णिमेला गाणगापूरला निघालेलं अख्खं घर असतं. मागचा टायर बहुतेक ओझं घेतो, इंजिनाची ओढही त्याच्याच अंगावर येते, म्हणून पुढच्या टायरच्या आधी तोच गोटा होतो. मोटारीचा टायर जाड, त्याचं रबर कडक, तो जमिनीला पट्टीसारखा टेकतो, जास्त भार घेतो आणि बरेच दिवस चालतो. सरळ रस्त्यावर ब्रेक मारला तर रुंद पट्टी पकडही धरते. यातलं जवळजवळ प्रत्येक विधान सुटं सुटं पाहिलं तर खरं आहे. चूक त्यांच्या बेरजेत आहे.

मोटार वळते तेव्हा तिची चाकं जवळजवळ उभीच राहतात. मोटरसायकल वळते ती झुकून. चालण्याच्या वेगात आपण हँडल फिरवून वळतो, पण वेग थोडा वाढला की गाडी आतल्या अंगाला कलल्याशिवाय वळण पुरंच होत नाही. किती कलावं लागतं याचा हिशेब शाळेतल्या पदार्थविज्ञानाचा आहे. ३० मीटर त्रिज्येचं वळण ४० किलोमीटरच्या वेगानं घेतलं तर कल सुमारे २३ अंशांचा होतो. हा काही शर्यतीचा वेग नव्हे. हुमनाबादकडून बीदरच्या पठारावर येताना किंवा चिंचोळीहून कोंचावरमच्या जंगलात शिरताना कुठलाही साधा माणूस इतका कलतो आणि त्याला ते कळतही नाही. मोटरसायकलच्या टायरचा माथा त्यासाठीच गोल केलेला असतो. गाडी कलते तशी जमिनीला टेकलेली जागा माथ्यावरून बगलेकडं सरकते, पण तिचा आकार फारसा बदलत नाही.

मोटारीच्या टायरला असा गोल माथा नाही. त्याला सपाट पाठ आहे आणि दोन कडा आहेत. २३ अंश कललं की पाठ उचलली जाते आणि गाडी कडेवर व बाजूच्या भिंतीवर उभी राहते. त्याचे समर्थक म्हणतात की हवा थोडी कमी ठेवली की भिंत दबते आणि पुरेशी जागा टेकते. दबते हे खरं, पण तिथंच दोन गोष्टी घडतात. एक, कमी हवेची भिंत सारखी दुमडून तापते, आणि मे महिन्यातल्या कलबुर्गीच्या डांबरावर टायरला जादा ताप नको असतो. दुसरं, सपाट पाठ गाडीला सतत उभी करायला बघते. स्वार वळणात गाडी दाबतो आणि टायर तिला परत वर ढकलतो. वळणाच्या मध्येच समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, आणखी आत कलायची वेळ आली, तर त्या क्षणी स्वाराचा हात टायरशी झगडत असतो. रोज चालवून सवय होते, असं सांगतात. सवय रोजच्या वेगाची आणि रोजच्या वळणाची होते. ट्रॅक्टर पुढं येतो तो सवयीबाहेरचा प्रसंग असतो.

सरळ रस्त्यावर तरी फायदा आहे की, असं कुणी म्हणेल. आपले सरळ रस्ते कसे आहेत ते आठवावं. पुणे-हैदराबाद महामार्ग क्रमांक ६५ सोडून आत वळलं की एकेरी डांबर लागतं. कडा खचलेल्या, ट्रकच्या चाकांनी पडलेले दोन लांब खोलगट पट्टे, मधे उंचवटा. समोरून बस आली की मोटरसायकलवाल्यानं डांबर सोडून खाली उतरायचं, ती गेली की परत वर चढायचं, हा इथला न लिहिलेला नियम आहे. गोल टायर डांबराची कड तिरकी ओलांडतो. सपाट टायरची एक बाजू आधी उचलली जाते, आणि ती उचलली की सगळी गाडी एका अंगाला ढकलली जाते. खोलगट पट्ट्यातही तेच होतं. रुंद पाठ उताराला समांतर बसू बघते आणि गाडी स्वाराच्या मनाविरुद्ध ओढली जाते. गुळगुळीत महामार्गावर जे जाणवतही नाही, ते आळंद तालुक्यातल्या एखाद्या गावरस्त्यावर दर मैलाला घडेल.

त्यात आपली काळी माती. कलबुर्गीची तूर ज्या मातीत पिकते, जिच्यामुळं त्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती माती पहिल्या पावसात चाकाला अशी चिकटते की मडगार्ड आणि टायर यांच्यामधली फट भरून चाक जाम होतं. शेतातून गाडी काढताना काठीनं चिखल खरवडलेला माणूस हे वेगळं सांगायला लावणार नाही. टायर जितका रुंद तितकी ही फट कमी. शिवाय मोटारीच्या टायरच्या बारीक खाचा मोटारीच्या वजनाखाली पाणी बाहेर टाकण्यासाठी कोरलेल्या असतात. हलकी मोटरसायकल त्याच रुंद पट्टीवर बसली की जमिनीवरचा दाब कमी पडतो, आणि ओल्या डांबरावर चाक पाण्यावर तरंगायला लवकर लागतं. रुंद म्हणजे जास्त पकड हा समज कोरड्या, सरळ रस्त्यापुरता आहे.

आता ओझ्याचा मुद्दा, कारण खरं आकर्षण तोच आहे. छोट्या मोटारीच्या १४५/८० आर १२ टायरवर भारांक ७४ असतो, म्हणजे ३७५ किलो. अ‍ॅव्हेंजरसारख्या मोटरसायकलच्या मागच्या १३०/९०-१५ टायरवर तो ६६ असतो, म्हणजे ३०० किलो. फरक दिसतो. पण मोटरसायकलचा भार एकटा टायर पेलत नाही. रिंग, आरे, बेअरिंग, शॉकअप, स्विंग आर्म हे सगळे तो भार वाटून घेतात आणि त्यांची मर्यादा टायर बदलून वाढत नाही. जाड टायर पाहून माणूस आणखी एक पोतं टाकतो. मग टायर तग धरतो आणि आरा तुटतो. कमजोर टायर निदान लवकर बसतो, हवा उतरते, माणूस थांबतो. तुटलेला आरा अशी सवड देत नाही.

आणि मुळात बसतो का? आपल्या भागात सर्वांत जास्त दिसणाऱ्या शंभर सीसीच्या गाड्यांची मागची रिंग अठरा इंची आणि रुंदीला दीड-पावणेदोन इंच. अठरा इंचाचे मोटारीचे टायर सहसा दोनशे मिलिमीटरच्या पुढचे असतात आणि त्यांना सहा इंच किंवा त्याहून रुंद रिंग लागते. म्हणजे स्प्लेंडरवाल्याच्या बाबतीत हा वाद सुरू होण्याआधीच संपतो. उरतात पंधरा-सोळा इंची, रुंद मागच्या चाकाच्या क्रूझर गाड्या. तिथं टायर ओढूनताणून चढतो. पण मोटारीच्या टायरची बीड, म्हणजे रिंगेत बसणारी आतली कड, आणि मोटरसायकलच्या रिंगची बैठक एकमेकांसाठी घडवलेली नाहीत. बीड जागेवर बसावी म्हणून ठरलेल्या मर्यादेच्या बरीच वर हवा भरावी लागते. ही हवा भरतो कोण? पंक्चरच्या दुकानातला पोरगा. तो रिंगेवर ओणवा होऊन बीड कुठं अडली ते पाहत असतो, आणि बीड फुटली तर त्याचा चेहरा आणि हात तिच्या समोर असतात. टायर टिकण्याच्या हिशेबात हा पोरगा कुणीच धरत नाही. मला या सगळ्या वादात सर्वांत जास्त राग याच गोष्टीचा येतो. स्वार आपला धोका स्वतः पत्करतो. हा पोरगा दुसऱ्याच्या हौसेचा धोका पत्करतो, आणि गिऱ्हाईक जाईल म्हणून नाही म्हणत नाही.

परदेशातल्या दाखल्याकडं वळू. अमेरिकेत होंडा गोल्ड विंग चालवणारे काही जण अनेक वर्षांपासून मागं मोटारीचा टायर वापरतात, हे खरं आहे. ती गाडी सुमारे चारशे किलोंची, १८०० सीसी इंजिनाची, शंभराहून जास्त अश्वशक्तीची. तिची मागची रिंग सोळा इंची आणि पाच इंच रुंद, २००१ ते २०१७ च्या गाड्यांना मूळ टायर १८०/६० आर १६. एवढं वजन आणि एवढी ताकद मागचा टायर झपाट्यानं खाते, आणि तिचे मालक शेकडो मैल सरळ महामार्गावर जातात. त्यांचा फायदा त्या परिस्थितीतून आलेला आहे. तरीही टायर कंपन्या आणि गाडीचे निर्माते याला मान्यता देत नाहीत. आपली शंभर सीसीची गाडी जेमतेम आठ अश्वशक्तीची. आठ अश्वशक्ती टायर खात नाही. इथं टायर खातात ते कमी हवा, जास्त ओझं, चेन ताणताना वाकडं बसवलेलं चाक आणि ढिलं बेअरिंग. यातलं एकही दुखणं मोटारीच्या टायरनं बरं होत नाही.

‘मी चालवतो, मला काही झालं नाही’ हा युक्तिवाद मात्र खोडायला सर्वांत अवघड, कारण तो माणूस समोर धडधाकट उभा असतो. त्याला खोटं ठरवायची गरज नाही. त्याला एवढंच विचारावं की पूर्ण जोरानं ब्रेक मारून, गाडी कललेली असताना, ओल्या रस्त्यावर त्यानं शेवटचं वळण कधी घेतलं. घेतलं नसेल तर त्याचा अनुभव आपल्या प्रश्नाला लागू होत नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात. दुचाकी-तीनचाकीच्या टायरसाठी भारतीय मानक १५६२७ आणि प्रवासी मोटारीच्या टायरसाठी १५६३३ अशी दोन वेगळी मानकं आहेत, आणि ती वेगळी असण्याचं कारण वर येऊन गेलं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करायला मनाई करतं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका घेतली. गाडी केए ३८ असो की एमएच २४, नियम सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच आहे, आणि अपघातानंतर विमा कंपनी पहिली नजर अशाच फेरफारावर टाकते.

इतकं खंडन केल्यावर काय करावं ते सांगणं माझ्यावर बंधनकारक आहे. पहिली गोष्ट, सपाट टायरचा मी शत्रू नाही. जिथं गाडी झुकत नाही तिथं तो योग्यच आहे. साइडकार लावलेली मोटरसायकल कलत नाही, ती तीन चाकांवर उभीच वळते. तिच्या मागच्या चाकाला मोटारीचा टायर जगभर वापरतात आणि तो तिथं शोभतो. गुजरातेतल्या अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी १९९० च्या दशकात बुलेटचं मागचं चाक काढून तिथं दोन चाकांचा सांगाडा जोडला आणि त्याला शेतीची अवजारं लावली. बैल परवडत नव्हते, ट्रॅक्टर तर नाहीच. त्यांनी आधी गाडीचं झुकणं बंद केलं आणि मग तिच्यावर ओझं टाकलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्या गावातल्या मेकॅनिककडंही ही बुद्धी आहे. ती टायर कोंबण्यात घालवण्यापेक्षा दूध आणि पोती वाहायच्या तीनचाकी सांगाड्यावर लागावी आणि त्याला परवानगी मिळण्याचा रस्ता सोपा व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

ज्याला दुचाकीच ठेवायची आहे त्यानं त्याच मापाचा, पण जास्त भारांकाचा, भारी बांधणीचा टायर मागावा. असे टायर बनतात. तालुक्याच्या दुकानात ते ठेवत नाहीत कारण कुणी मागत नाही. मागच्या माणसासह किती हवा हवी ते गाडीच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, ते आठवड्यातून एकदा थंड टायरवर मोजावं. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना सारखे आणि शक्य तितके खाली टांगावेत. खाचांची खोली ०.८ मिलिमीटरच्या खाली गेली की दुचाकीचा टायर कायद्यानंच बाद होतो, पण पावसाळ्यापूर्वी त्याआधीच बदलावा.

आणि पंक्चरवाल्या पोरांसाठी: बीदरचं गुरू नानक देव अभियांत्रिकी महाविद्यालय आणि कलबुर्गीचं पूज्य दोड्डप्पा अप्पा अभियांत्रिकी महाविद्यालय या दोन्ही ठिकाणी यंत्रशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत. वर्षातून एक दिवस आसपासच्या तालुक्यांतल्या टायर बसवणाऱ्यांना तिथं बोलवावं. बीड किती दाबावर बसते, किती दाबावर फुटते, भारांक कसा वाचायचा, रिंगेवरची रुंदी कुठं कोरलेली असते, हे प्रत्यक्ष दाखवावं, आणि प्रत्येकाला दाबमर्यादेचा कन्नड-मराठी तक्ता भिंतीवर लावायला द्यावा. गिऱ्हाईक मोटारीचा टायर काखेत घेऊन आलं की त्या तक्त्याकडं बोट दाखवून ‘हा मी बसवत नाही’ म्हणणं त्या पोराला सोपं जाईल.