हळदीची रात्र या शहराचीच आहे

‘नवी मुंबईला कसला आलाय वारसा? सगळं शहर सिडकोने पट्टी लावून आखलेलं,’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. गावठाणातल्या हळदीचा विषय निघाला की हेच लोक पुढे म्हणतात, ती दारूची आणि डीजेची रात्र, तिला संस्कृती म्हणू नका. ही दोन्ही म्हणणी मला साफ अमान्य आहेत.

सिडको १९७० ची, महापालिका १९९२ ची. घणसोली, करावे, शिरवणे, सारसोळे, दिवाळे ही आगरी-कोळ्यांची गावं त्याच्या कितीतरी आधीची. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईच्या परिसरात शेतकरी उठले, गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के भूखंड परत मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. भातकापणी झाली की ज्या खाचरांत मांडव पडायचे तिथे आज सेक्टर आहेत. हळद रस्त्यावर आली ती त्यामुळे. तिला ‘रस्ता अडवणारी’ म्हणण्याआधी रस्त्याखाली काय होतं, ते तरी विचारा.

शिवाय वारसा जुनाच असावा लागतो, हे कुणी ठरवलं? युनेस्कोच्या २००३ च्या करारात अमूर्त वारसा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हाती येणारी आणि समाज सतत नव्याने घडवत राहतो अशी गोष्ट. कोलकात्याच्या दुर्गापूजेला २०२१ मध्ये युनेस्कोच्या या वारशाच्या यादीत स्थान मिळालं. बर्लिनची भिंत पडल्यानंतर बहरलेली तिथली टेक्नो संगीताची रात्रसंस्कृती जर्मनीने २०२४ मध्ये आपल्या राष्ट्रीय यादीत घेतली. मग आमची हळद कुठे कमी पडते?

ती आधी नीट पाहा तरी. मांडवात धवलारीण बसते. लग्नाचे विधी धवल्यांतून, म्हणजे गाण्यांतून, पार पाडणारी ही बाई. कित्येक पिढ्या आमची लग्नं तिनेच लावली, भटजीवाचून. तिच्यापुढे वही नसते, पोथी नसते. ती ओळ उचलते, मागच्या बायका ती झेलतात, आणि देवांना आवतण, तेल, हळद असं एकेक पुढे सरकतं. कोणत्या ओळीला कुणी पुढे यायचं हे नवरीच्या मावशी-आत्यांना पाठ असतं. बाहेर बेंजो वाजत असतो, मटण-भाकरीच्या पंगती उठत असतात. पुरोहिताचा मान बाईकडे देणारी ही रात्र कुणाला हलकी वाटत असेल, तर त्याने आपली फूटपट्टी तपासावी.

आवाजाबद्दलची तक्रार मात्र खरी आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालचा. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो ठामपणे उचलून धरला. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची. शेजारच्या इमारतीत तान्ही मुलं असतात, आजारी माणसं असतात, आणि ती गावठाणातही असतात. पोलीस आले की ‘संस्कृतीवर घाला’ म्हणून ओरडणाऱ्या आमच्याच पोरांना मी विचारतो, धवलारणीचा आवाज बुडवला कुणी? सेक्टरातल्या तक्रारीने नव्हे, आपण मांडवाच्या तोंडाशी रचलेल्या स्पीकरच्या भिंतीने. त्या भिंतीला वारसा म्हणायला मी तयार नाही. धवल्यांचं रक्षण करायचं तर तो दहाचा नियम आपल्याच बाजूचा आहे.

म्हणून मागणी दोघांकडे आहे. महापालिका आणि सिडको यांनी प्रत्येक गावठाणालगत एक मोकळा भूखंड हळदीसाठी आणि जत्रेसाठी कायमचा राखावा. गावोगावचे धवले, त्यांच्या चालीतल्या फरकांसह, ध्वनिमुद्रित करावेत आणि उतारवयातल्या धवलारणींना मानधन सुरू करावं. ग्रामस्थ मंडळांनी आपल्या गावात ठराव करावा: दहाला डीजे बंद, आणि हळद लागत असताना तर तो वाजायचाच नाही. ठरावाला सरकारी मंजुरी लागत नाही. येत्या लग्नसराईआधीच्या बैठकीत तो होऊ शकतो.