न जुळलेला आंकडा

गेल्या पंधरवड्यांतील गोष्ट. आमची नात महाविद्यालयांतून घरीं आली, तेव्हां तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर शाई सांडावी तसे काळे डाग होते. तिच्या आजीनें लिंबू लावून पाहिलें, चिंच चोळून पाहिली. पण डाग कांहीं हालेनात. "आजी, हे धुवून जावयाचे नाहींत; चांदीचे आहेत!" असें म्हणून ती हंसूं लागली. सिल्व्हर नायट्रेटचा द्राव कातडीस लागला म्हणजे उजेडानें त्यांतील चांदी सूक्ष्म कणांच्या रूपानें मोकळी होते, आणि इतकी बारीक झालेली चांदी काळी दिसते, असा खुलासा आम्हां उभयतांस मिळाला. कातडीचा तो पापुद्रा झडेल तेव्हांच डाग जाणार!

मुलगी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षांत असून निरिंद्रिय रसायन आणि रासायनिक पृथक्करण हे विषय तिला अभ्यासास आहेत. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि उभा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. तेव्हां या शास्त्रांत मला गति नाहीं, हें उघडच आहे. परंतु रात्रीं जेवणें आटोपल्यावर ती मोठ्यानें वाचीत बसते आणि मी ऐकत बसतों.

अज्ञात क्षारांत कोणते धातु आहेत हें ओळखावयाचें, तर त्यांचे गट पाडून एकेक गट क्रमानें खालीं बसवावा लागतो. प्रथम हायड्रोक्लोरिक अम्ल घालावें. चांदी, शिसें व पाऱ्याचा एक प्रकार यांचा पांढरा साका बसतो. तो गाळून काढावा. मग त्याच आंबट द्रावांत सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायु सोडावा. आतां तांबें, बिस्मथ, कॅडमियम खालीं येतात. जस्त व मँगनीज मात्र वरच राहतात. कारण अम्लामुळें द्रावांत मोकळें सल्फाइड अगदीं थोडें उरतें, आणि तेवढ्यावर जे अत्यंत अविद्राव्य असतील तेच बसतात. पुढें लोखंड व अ‍ॅल्युमिनियम यांचा गट काढून टाकल्यावर, अमोनियानें आंबटपणा मोडलेल्या द्रावांत तोच वायु सोडला, कीं जस्ताची पाळी येते. हाच वायु आरंभींच अमोनियायुक्त द्रावांत सोडला असतां तांबें, लोखंड, जस्त सारेंच एकदम खालीं येऊन नुसता चिखल होईल.

हें ऐकून मला पाणिनीची आठवण झाली. अष्टाध्यायीच्या शेवटल्या तीन पादांत सूत्रांच्या क्रमालाच सत्ता आहे. मागील सूत्राच्या दृष्टीनें पुढील सूत्राचें कार्य घडलेंच नाहीं, असें तेथें मानावयाचें असतें. क्रम मोडला कीं रूप बिघडलें. म्हणजे ज्याला आपण पाठांतर म्हणून नाक मुरडतों, त्या क्रमाच्या पोटीं कारण असतें. तें शोधावें मात्र लागतें.

परंतु आजचा विषय निराळाच आहे. त्या दिवशींचा प्रयोग पाण्यांतील क्लोराइड मोजण्याचा होता. चंबूंत मोजून पाणी घ्यावें, त्यांत पोटॅशियम क्रोमेटचे पिवळे थेंब टाकावे, आणि ब्यूरेट नांवाच्या खुणा केलेल्या उभ्या नळींतून सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब सोडावें. क्लोराइड शिल्लक असेपर्यंत पांढरा साका बसतो. तें संपलें, कीं पुढला थेंब क्रोमेटला गांठतो आणि पिवळ्यावर विटकरी झांक उमटते. तेथें थांबून आंकडा वाचावा. असें तीनदां करावयाचें.

तिच्या वहींत तीन आंकडे होते: ९.८, ९.८, ९.८.

मीं सहज विचारलें, "तिन्ही वेळां हुबेहूब एकच?"

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "खरें सांगूं का, आजोबा? पहिल्यांदां १०.२ आला, मग ९.८, मग ९.७. पण न जुळणारा आंकडा लिहिला तर वहीवर सही होत नाहीं. तुम्ही रागावूं नका. सगळींच असें लिहितात."

मला राग आला नाहीं, लाज वाटली. फार वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एका मुलानें परीक्षेंत एका श्लोकाचें भाषांतर स्वतःच्या शब्दांत लिहिलें होतें. अर्थ चोख होता. पण मीं सांगितलेल्या भाषांतराशीं तें जुळेना, म्हणून मीं त्याचे दोन गुण कापले. पुढल्या परीक्षेस त्यानें माझेंच भाषांतर अक्षरशः उतरून काढलें, आणि मीं त्याला शाबासकी दिली. स्वतःला दिसलें तें झांकून गुरुजींना हवें तें दाखवावें, हा धडा त्यास मींच दिला होता.

नातीला उपदेश करण्याचा अधिकार मला नव्हता, म्हणून मीं तिला एक वाचलेली हकीकत सांगितली. १७८५ सालीं इंग्लंडांत हेन्री कॅव्हेंडिश यानें हवेंतील नत्रवायूंत प्राणवायु मिसळून विजेच्या ठिणग्या पाडल्या, आणि सारा नत्र शोषून घेण्याचा प्रयत्न केला. शेवटीं एक बारीकसा बुडबुडा उरला, तो कांहीं केल्या जाईना. मूळ नत्राच्या १२० व्या भागाहून तो अधिक नव्हता. 'सर्व शोषला गेला' असें लिहिलें असतें तर कोण विचारणार होतें? परंतु कॅव्हेंडिशनें तो बुडबुडा लिहून ठेवला. शंभराहून अधिक वर्षें त्याचें मर्म कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं.

पुढें लॉर्ड रॅले यांस वायूंची घनता मोजतांना आढळलें, कीं हवेंतून काढलेला नत्र आणि रासायनिक पदार्थांपासून केलेला नत्र यांचीं वजनें जुळत नाहींत. एकाच गोलकांत भरलेला पहिला सरासरीनें २.३१०२ ग्रॅम, तर दुसरा २.२९९० ग्रॅम. फरक जेमतेम अर्धा टक्का! त्यांनीं तो दडविला नाहीं. उलट १८९२ सालीं 'नेचर' पत्रांत आपली अडचण प्रसिद्ध करून इतरांस कारण विचारलें. विल्यम रॅम्झे यांनींही तो शोध हातीं घेतला, आणि १८९४ सालीं उलगडा झाला. हवेंत शेंकडा सुमारें एक या प्रमाणांत तोंवर अज्ञात असलेला एक वायु होता. तो कशाशींच संयोग पावेना, म्हणून ग्रीक भाषेंतील 'आळशी' या अर्थाच्या शब्दावरून त्याचें नांव आर्गॉन ठेवण्यांत आलें. कॅव्हेंडिशचा बुडबुडा तोच. १८९८ पर्यंत हेलियम, निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन हे त्याचे भाऊबंदही हातीं लागले, आणि मूलद्रव्यांच्या कोष्टकांत नवा रकाना उघडावा लागला. १९०४ सालीं रॅले यांस पदार्थविज्ञानाचें आणि रॅम्झे यांस रसायनाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

"म्हणजे माझ्या १०.२ मध्यें नवें मूलद्रव्य आहे कीं काय?" नात म्हणाली.

"तें नसेल, पण कांहींतरी आहे. काय, तें तूं पाहिलेंस का?"

दुसऱ्या दिवशीं तिनें प्रयोग पुन्हां मांडला, आणि कारण सांपडलें. ब्यूरेटच्या तोटीखालील टोंकांत हवेचा बुडबुडा अडकून राहत होता. पहिल्या खेपेस तो निसटला, आणि त्याची रिकामी जागा भरण्यास जो द्राव खर्चीं पडला तो चंबूंत न पडतांच हिशेबांत धरला गेला. म्हणून ०.४ चा फरक! तिनें १०.२ कारणासह लिहिला, त्याखालीं ९.८, ९.७ आणि नवा ९.८ लिहिला. सही झाली, मात्र वहींत खाडाखोड केली म्हणून एक गुण गेला. त्याबद्दल ती थोडी हिरमुसलीही.

न जुळणाऱ्या आंकड्यांतून आर्गॉन शतकांतून एखादे वेळींच निघतो. एरव्हीं निघतो तो तोटींतला बुडबुडाच. परंतु आंकडा खोडून टाकणारास दोहोंपैकीं एकही सांपडत नाहीं. आपल्या घरांतील मुलें प्रात्यक्षिकाहून परत आलीं म्हणजे 'किती गुण मिळाले?' असें आपण तत्काळ विचारतों. 'आज काय दिसलें?' असें विचारून पाहावें, एवढीच वाचकांस विनंति आहे.

त्या भाषांतर करणाऱ्या मुलाची आणि माझी पुढें गांठ पडली नाहीं. हा अंक त्याच्या हातीं पडला, तर त्यानें समजावें, कीं त्याचे दोन गुण अजून माझ्याकडे येणें आहेत.