संकर म्हणजे वंशाचा शेवट नव्हे

संकराला वंश नसतो, हा समज बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात अजून घट्ट आहे. दाखला ठरलेला: घोडी आणि गाढव यांचं खेचर, आणि खेचर वांझ. पण एका दाखल्याचा नियम होत नाही. नीरा डाव्या कालव्यावर उभा असलेला ऊसच संकर आहे. गोड, जाड ऊस आणि रानटी ऊस यांच्या संकरातून कोइमतूरच्या जाती निघाल्या. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने ‘नीरा’ नावाने प्रसारित केलेली को ८६०३२ ही को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांची संतती. शेतकरी ती बी पेरून वाढवत नाही. दोन डोळ्यांची टिपरी सरीत दाबतो आणि तीच जात जशीच्या तशी पुन्हा उभी राहते.

हेच माणसाच्या हाताशिवाय एका माशाने साधलं आहे. ईशान्य मेक्सिको आणि दक्षिण टेक्सासच्या पाण्यात बोटाएवढी अमेझॉन मॉली राहते. या जातीत नर नाहीत. कार्ल आणि लॉरा हब्ज यांनी १९३२ साली हे नोंदवलं आणि ती संकरातून आल्याचंही ओळखलं. आई अटलांटिक मॉली, बाप सेलफिन मॉलीच्या वळणाचा. एका मताप्रमाणे दोन्ही जाती एकमेकींपासून नेमक्या तेवढ्याच दूर असाव्यात: अंडं तयार होताना गुणसूत्रं निम्मी होण्याची रीत बिघडली, पण जीव धडधाकट राहिला. अंतर कमी असतं तर साधी संकरित पिल्लं झाली असती. जास्त असतं तर खेचराची गत. तिच्या अंड्यात गुणसूत्रांचा पूर्ण संच राहतो आणि लेक आईची हुबेहूब नक्कल होते.

याच्या उलट टोकाचा दावाही तितकाच चुकीचा आहे: नराची गरजच नाही. त्यासाठी गप्पी माशाची साक्ष काढतात. आरोग्य खातं डासांसाठी विहिरींत, हौदांत सोडतं ते गप्पी मॉलीचे जवळचे भाऊबंद. हौदात एकटी मादी असते, पोट फुगतं, शेपटीकडचा काळा डाग गडद होतो आणि एक दिवस डोळे मोठे दिसणारी पिल्लं पाण्यात सुटतात. पण त्या मादीने आधीच्या मिलनातलं शुक्र अनेक महिने पोटात राखून ठेवलेलं असतं. पिल्लांना बाप असतोच. अमेझॉन मॉलीलाही शेजारच्या जातीचा नर लागतो. त्याच्या शुक्राने अंड्याची वाढ सुरू होते, त्याची जनुकं मात्र बहुधा टाकून दिली जातात. नर यात का पडतो? १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं, की तिच्यासोबत दिसलेला नर त्याच्या स्वतःच्या जातीच्या माद्यांनाही अधिक आवडू लागतो.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. जनुकांची घुसळण थांबली की दोष साचत जातात आणि वंश बुडतो. ऊसवाल्याला हे शिकवायला नको. को ७४० काणी रोगापुढे कशी टिकेना, हे जुन्या बागायतदारांनी पाहिलं आहे. पण मॉलीला जात बदलून देणारं संशोधन केंद्र नव्हतं. तिचा वंश लाखभर वर्षांचा मानला जातो. २०१८ साली तिचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा अपेक्षित पडझड फारशी सापडली नाही. उलट आई आणि बाप या दोन्ही घराण्यांच्या प्रती शेजारी शेजारी शाबूत होत्या. संकराने दिलेली ही विविधता हेच तिच्या टिकण्याचं एक कारण असावं.

अशी जात घडणं मात्र फार दुर्मीळ. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दोन्ही मूळ जातींचे नव्याने संकर केले गेले. पिल्लं झाली, पण आपलीच नक्कल काढणारी एकही मादी निघाली नाही. साऱ्या अमेझॉन मॉली बहुधा एकाच प्राचीन संकराच्या लेकी आहेत.

तेव्हा बारामती-इंदापूरच्या शाळांतल्या विज्ञान शिक्षकांना विनंती आहे: संकराचा धडा खेचरावर संपवू नका. मुलांना उसाची टिपरी दाखवा, हौदातला गप्पी दाखवा आणि या मॉलीची गोष्ट सांगा.