मैदान मुलांच्या गावी

सोयाबीनची रास आडतीवर पोहोचते, तिची पट्टी हाती पडते आणि त्या रकमेतून दुकानाची उधारी, लेकरांचे दिवाळीचे कपडे व लातुरास किंवा नांदेडास शिकावयास ठेवलेल्या मुलाच्या क्लासची फी यांची वजाबाकी घरोघर सुरू होते, अशा दिवसांत मराठवाड्यातला दिवाळी अंक वाचकांच्या हाती जातो. म्हणून या वर्षीचे संपादकीय लिहावयास बसताना त्या मुलाचाच विचार प्रथम मनात आला. राजर्षी शाहू महाविद्यालयात उदय पावलेल्या 'लातूर पॅटर्न'ने, निजामी अमदानीत मातृभाषेतील शिक्षणासही पारख्या झालेल्या या मुलखाला आत्मप्रत्यय दिला, आणि कोरडवाहू शेतकऱ्यांच्या घरांत डॉक्टर व इंजिनियर निर्माण केले, या उपकाराचे विस्मरण आम्हांस होणे नाही. परंतु ट्यूशन एरियातील एका खोलीत तिघाचौघांसह राहणारा, मेसच्या डब्यावर भूक भागवणारा सतरा वर्षांचा मुलगा महिनोन् महिने एकदाही घाम निथळेपर्यंत धावत नाही, आणि ज्याच्या बापाला त्या खोलीचे भाडेही झेपत नाही, जो कोयता घेऊन निघालेल्या आईबापांबरोबर ऊसतोडीच्या फडावर जातो, त्याच्या वाट्याला तर खोलीही नाही आणि मैदानही नाही, हे पाहून आमचे चित्त स्वस्थ राहत नाही.

या संदर्भात एका परदेशी खेळाडूचे चरित्र आम्हांस फार मोलाचे वाटते. नॅन्सी लीबरमन हिचा जन्म १९५८ साली न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन विभागात एका ज्यू कुटुंबात झाला. वडील घर सोडून गेलेले, संसाराचा भार एकट्या आईवर, आणि मुलीच्या जिवाला वेड बास्केटबॉलचे. तोलामोलाचा खेळ शोधीत ती भुयारी रेल्वेने थेट हार्लेमपर्यंत जाई आणि कृष्णवर्णीय मुलांच्या मैदानावर त्यांच्या बरोबरीने उभी राही. स्त्रियांच्या बास्केटबॉलला ऑलिंपिकमध्ये प्रथम प्रवेश मिळाला तो १९७६ साली माँट्रियल येथे, आणि तेथे रौप्यपदक मिळवणाऱ्या अमेरिकन संघात ही अठरा वर्षांची मुलगी होती. पुढे १९९६ साली त्या खेळाच्या कीर्तिमंदिरात तिची नोंद झाली, आणि २००८ साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, ती एका व्यावसायिक सामन्यात पुन्हा उतरली. हे सारे स्पृहणीय खरेच. परंतु तिची खरी थोरवी आम्हांस दिसते ती तिच्या नावाने चाललेल्या धर्मादाय संस्थेत. ही संस्था हलाखीत वाढणाऱ्या मुलांसाठी त्यांच्याच वस्तीत 'ड्रीम कोर्ट' या नावाची बास्केटबॉलची मैदाने बांधून देते. जिला खेळासाठी सारे शहर ओलांडावे लागले, तिने पुढच्या मुलांची ती पायपीट वाचवली.

ज्यू समाजाला मैदानाचे मोल कळले त्यालाही इतिहास आहे. ज्यू विचारवंत माक्स नोर्डाऊ यांनी १८९८ साली बाझेल येथे भरलेल्या ज्यूंच्या परिषदेत आपल्या तरुणांना शरीरसामर्थ्याचे आवाहन केले, आणि त्यानंतर बर्लिन, व्हिएन्ना आदी नगरांत त्यांच्या स्वतंत्र व्यायामसंस्था उभ्या राहिल्या; कारण इतरांच्या आखाड्यांची दारे त्यांना सहजी उघडी नव्हती.

आता आपल्या घरचा दाखला. हरिश्चंद्र बिराजदार हे निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे. १९६९ साली महाराष्ट्र केसरीचे अधिवेशन लातुरात भरले, तेव्हा लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते, आणि त्या मातीत किताब जिंकला तो याच मातीच्या मल्लाने. पुढे १९७२ मध्ये ते रुस्तुम-ए-हिंद झाले. तथापि मल्ल म्हणून घडण्यासाठी त्यांना कोल्हापूरची गंगावेस तालीम गाठावी लागली होती. कुस्ती थांबल्यावर त्यांनी पुण्यातील गोकुळ वस्ताद तालमीत मुले घडविण्याचे व्रत घेतले. शेतकऱ्यांची, खेड्यापाड्यांतली पोरे त्यांना 'मामा' म्हणत, आणि ज्यांनी तालमीतले जीवन जवळून पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की त्या एका हाकेत पहाटेची मेहनत, खुराकाची चिंता आणि चुकलेल्या डावाबद्दलची कानउघाडणी, सारेच सामावलेले असते. लातूर जिल्ह्यातलेच काका पवार त्यांच्या हाताखाली तयार झाले, अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले आणि स्वतः वस्ताद होऊन पुण्यातच मुले घडवू लागले. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे आधी मामांकडे व त्यांच्या पश्चात काकांकडे शिकला, आणि त्याने २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, तर पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवले. २००६ साली मामांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. २०११ साली ते निवर्तले.

ही गुरुपरंपरा आमच्या अभिमानाचा विषय आहे, आणि तीच आमच्या दुःखाचाही. कारण वस्ताद मराठवाड्याचे, शिष्य मराठवाड्याचे, आणि तालीम मात्र पुण्याची. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आणि लातुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत आखाडा भरतो, चिमुकली पोरे रेवड्यांवरच्या कुस्त्या खेळतात, त्यांतल्या एखाद्याची चपळाई पाहून जाणते लोक एकमेकांकडे बघतात; आणि यात्रा उठली की ते पोर पुन्हा गुरांमागे किंवा फडावर जाते. ज्याच्या घरी खुराकाचा खर्च करण्याचे सामर्थ्य आहे आणि पुण्यास पाठविण्याचे धैर्य आहे, तोच मल्ल होतो. गुणांची वाण या भागाला नाही. नांदेड जिल्ह्यातील भाग्यश्री जाधव हिने २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिकच्या उद्घाटनात राष्ट्रध्वज हाती घेतला, हे साऱ्या देशाने पाहिले.

नागपुरात विजय बारसे या क्रीडाशिक्षकांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल दिला आणि त्यासाठी मुलांच्या वस्तीतच जाऊन उभे राहिले. तसे कार्य लातूर-नांदेडात व्हावे, अशी आमची कळकळीची अपेक्षा आहे. आपल्या भागातून गेलेल्या, किताब मिळवलेल्या आणि आता पोलीस किंवा रेल्वे खात्यातून निवृत्त होऊन शहरी स्थायिक झालेल्या खेळाडूंनी वर्षातून काही आठवडे तरी आपल्या तालुक्यात मुक्काम ठोकावा; साखर कारखान्यांनी आणि पतसंस्थांनी सत्कार-समारंभांवरील खर्चातून त्यांच्या मुक्कामाची, मुलांच्या दूध-अंड्याची तजवीज करावी.

आणि जागेसाठी हात जोडण्याचे कारण नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेसाठी क्रीडांगण हे इमारतीइतकेच आवश्यक म्हणून नमूद आहे. तेव्हा येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत प्रत्येक वाचकाने आपल्या गावच्या शाळेचे क्रीडांगण सात-बाऱ्यावर किती आणि प्रत्यक्षात किती, हा प्रश्न लेखी विचारावा, त्याची नोंद इतिवृत्तात करून घ्यावी, मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात दाखल व्हावा असा ठराव मांडावा, आणि गायरानातला एखादा तुकडा अद्याप मोकळा असेल तर तो मुलांच्या आखाड्यासाठी राखून ठेवण्याची मागणी त्याच सभेत करावी.