घाम कामाचा आणि घाम आरोग्याचा



गेल्या महिन्यात बेंगळुरूच्या आमच्या युनियन कचेरीत एक जुने कीमन सहकारी भेटायला आले. वय त्रेपन्न. त्यातली तीस वर्षे रुळांवर चालण्यात गेली. गुडघे कुरकुरतात, रक्तदाब वाढला आहे. दवाखान्यात त्यांना सांगण्यात आले, "तुम्ही तर दिवसभर चालता, तुम्हाला व्यायामाची काय गरज? मीठ तेवढे कमी करा." त्याच वेळी बाकावर एक लोको पायलट बसले होते. त्यांना साखरेचा आजार निघाला आहे. त्यांना सल्ला मिळाला होता, रोज पाऊण तास चाला. ते मला म्हणाले, "साहेब, चालू कधी? पहाटे तीनला ड्युटी उतरते, दिवसा उजेडी डोळे मिटून पडतो, तोवर पुढचा कॉल येतो."

एकाला सांगितले तुझा व्यायाम कामातच होतो. दुसऱ्याला सांगितले व्यायाम तुझा तू कर. दोन्ही सल्ले फुकट गेले. या अंकात याच विषयावर चार शब्द लिहीत आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, डॉक्टर नव्हे. पण हा विषय फक्त डॉक्टरांचा नाही. तो ड्युटी रोस्टरचा आहे, रिकाम्या जागांचा आहे, म्हणजेच युनियनचा आहे.

व्यायाम हृदयाला हितकारक असतो हे आज शाळेतले पोरही सांगते. पण हे प्रथम आकडेवारीने दाखवले गेले ते कोणाच्या शरीरावरून? राजे-महाराजांच्या नव्हे, पैलवानांच्याही नव्हे. ते दाखवले गेले बस कामगार आणि टपाल कामगार यांच्यावरून.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये हृदयविकार वाढू लागला. कारण कळेना. डॉ. जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या सरकारी बस वाहतुकीतील सुमारे ३१,००० कामगारांच्या आजारपणाच्या व मृत्यूच्या नोंदी तपासायला घेतल्या. लंडनच्या बसगाड्या दुमजली. ड्रायव्हर पाळीभर बसून, कंडक्टर तिकिटे फाडत वर-खाली. एका कामाच्या दिवसात कंडक्टर ५०० ते ७५० पायऱ्या चढत असे. दोघे एकाच वर्गातले, एकाच गाडीवर काम करणारे. पण कंडक्टरांना हृदयविकार कमी होता, झाला तर उशिरा होत होता, आणि झटक्यासरशी मरण्याचे प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा बरेच कमी होते. हा निष्कर्ष १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्याच अभ्यासात टपाल खात्याचीही तपासणी झाली. चालत व सायकलीवर टपाल वाटणारे पोस्टमन एकीकडे, कारकून व टेलिफोन ऑपरेटर दुसरीकडे. निकाल तोच.

मॉरिस प्रामाणिक संशोधक होते. त्यांना शंका आली की नोकरीला लागतानाच ड्रायव्हर लठ्ठ असतील तर? म्हणून त्यांनी गणवेशाच्या नोंदी काढल्या आणि पॅंटच्या कमरेची मापे पाहिली. ड्रायव्हरांच्या कमरा सुरुवातीपासूनच मोठ्या निघाल्या. हेही त्यांनी १९५६ साली लपवून न ठेवता छापले, आणि मग पुढची कित्येक वर्षे कचेरीत बसणाऱ्या सरकारी नोकरांचा अभ्यास करून फुरसतीच्या वेळच्या जोरकस व्यायामाचा फायदा दाखवून दिला. ते स्वतः २००९ साली वयाच्या ९९व्या वर्षी वारले.

आता रेल्वेकडे या. १९६२ साली अमेरिकेत डॉ. हेन्री टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रेल्वे कामगारांचे तीन गट घेतले : कारकून, यार्डातले स्विचमन आणि लाइनवरचे सेक्शनमन, म्हणजे आपले गॅंगमन. हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण कारकुनांत सर्वांत जास्त, सेक्शनमनमध्ये त्याच्या साधारण निम्मे, आणि स्विचमन मधे. आपल्याकडे डॉ. एस. एल. मल्होत्रा हे मुंबईत पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होते. त्यांनी भारतीय रेल्वेतील साडेअकरा लाख माणसांच्या नोंदींवरून १९६७ साली दाखवले की हृदयविकाराचे मृत्यू उत्तरेपेक्षा दक्षिणेत सातपट होते. आणि तूप-लोणी तर उत्तरेतच कितीतरी जास्त खाल्ले जात होते! म्हणजे या आजाराला एकच कारण नसते, हा धडा भारतीय रेल्वे कामगारांच्या नोंदींनी दिला.

थोडक्यात, आज शहरातले श्रीमंत लोक ज्या ज्ञानाच्या जोरावर जिममध्ये पैसे भरतात, ते ज्ञान पोस्टमन, कंडक्टर आणि गॅंगमन यांच्या शरीरावरून गोळा झाले आहे. त्याचे फळ मात्र आपल्या क्वार्टरपर्यंत आले नाही.

आता नवी गोष्ट. गेल्या काही वर्षांत डेन्मार्कमधील डॉ. आंद्रेआस होल्टरमन आणि इतर संशोधकांनी वेगळाच प्रश्न विचारला आहे. कामावरचे श्रम आणि फुरसतीतला व्यायाम यांचा परिणाम एकच असतो का? २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा जास्त अंगमेहनतीचे काम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका कमी मेहनतीच्या कामांतल्या पुरुषांपेक्षा १८ टक्के अधिक दिसला. २०२१ साली कोपनहेगन परिसरातील एक लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांच्या अभ्यासात असे दिसले की फुरसतीतल्या हालचालीने धोका घटतो आणि कामावरच्या अतिश्रमाने तो वाढतो. याबाबत सर्व शास्त्रज्ञांचे एकमत झालेले नाही, हे सांगितले पाहिजे. त्याच वर्षी नॉर्वेतील मोठ्या अभ्यासात कष्टाची कामे करणाऱ्या पुरुषांना असा तोटा दिसला नाही. कमी पगार, तंबाखू, अपुरे अन्न यांचा वाटा किती, हा वाद चालू आहे.

परंतु होल्टरमन जी कारणे मांडतात ती कोणत्याही गॅंगमनला ऐकताक्षणी पटतील. व्यायाम करणारा माणूस अर्धा-पाऊण तास घाम गाळतो, मग थांबतो, पाणी पितो, झोपतो. त्या विश्रांतीतच शरीर बळकट होते. कामगाराची मेहनत आठ-आठ, दहा-दहा तास चालते. नाडीचा वेग दिवसभर चढलेला राहतो. जड वजन उचलताना रक्तदाब एकदम वाढतो. थकला म्हणून त्याला थांबता येत नाही, कारण थांबायचे केव्हा हे त्याच्या हातात नाही. दुसऱ्या दिवशी तेच. मॉरिसचा कंडक्टर पायऱ्या चढे, पण दोन फेऱ्यांमध्ये दम घेई आणि डोक्यावर स्लीपर वाहत नसे. लोंढा ते कॅसलरॉक आणि पुढे घाटात ऐन पावसाळ्यात रात्री हातात दिवा घेऊन गस्त घालणाऱ्या आमच्या भावांना कोणी "तुमचा व्यायाम होतो" म्हणू लागला, तर त्याला एक रात्र त्यांच्याबरोबर पाठवावे.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी बेंगळुरूतच केंगेरीजवळ स्पोर्ट्स ऑथॉरिटीचे केंद्र आहे तिकडे पाहावे. देशाच्या हॉकी संघांची शिबिरे तिथे होतात. २०२१ साली टोकियोत आणि २०२४ साली पॅरिसमध्ये पुरुष संघाने कांस्यपदक मिळवले, त्याची तयारी तिथलीच. खेळाडूच्या अंगावर यंत्र बसवून तो किती धावला हे मोजतात. त्यावरून त्याच्यावरचा भार ठरतो आणि त्याला विश्रांती किती द्यायची तेही ठरते. दुखापतीला फिजिओथेरपिस्ट हजर. क्रीडावैद्यकाचा सगळा सारांश एवढाच आहे : भार मोजून द्या आणि भरपाईला विश्रांती द्या.

आपल्या रेल्वेलाही खेळाडूंचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे हा २०२४ साली मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्याने पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक जिंकले तेव्हा आम्हीही इथे पेढे वाटले. भारतीय महिला हॉकी संघात रेल्वेच्या किती मुली खेळल्या! पण त्याच रेल्वेत पहार, घण आणि स्पॅनर खांद्यावर घेऊन बीट चालणाऱ्या माणसाचा भार कोण मोजतो? वर्षानुवर्षे वाकून पार्सलच्या पिशव्या उचलणाऱ्या आर.एम.एस.च्या कामगाराच्या कण्याकडे कोण पाहतो? शास्त्र तेच, देश तोच. मग एकाला मोजून विश्रांती आणि दुसऱ्याला मेमो, हे कसे?

आता बसून काम करणाऱ्यांकडे वळू. लोको पायलट, स्टेशन मास्तर, बुकिंग क्लार्क, पोस्टाच्या काउंटरवरील बहिणी. दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की दिवसात आठ तासांहून जास्त बसण्याने वाढणारा धोका रोज ६० ते ७५ मिनिटांच्या मध्यम व्यायामाने जवळजवळ पुसता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल करावी आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. पूर्वी म्हणत, सलग दहा मिनिटांहून कमी असेल तर ते धरू नका. ती अट आता काढून टाकली आहे. जिना चढलात, दोन मिनिटे फलाटावर चाललात, तेही हिशेबात येते. रोज दहा हजार पावलांचा बाऊ करू नये. तो आकडा जपानमध्ये १९६५ साली पावले मोजण्याच्या यंत्राच्या विक्रीसाठी पुढे आला. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार रोज सात हजार पावलांनीही बहुतेक फायदा पदरात पडतो.

देशाची स्थिती काय आहे? २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत ४२ टक्के, स्त्रियांत ५७ टक्के. स्त्रियांचा आकडा वाचून कोणी नाक मुरडू नये. ड्युटी संपवून घरी चूल, पोरे आणि सासू-सासरे सांभाळणारी बाई मैदानावर कधी जाणार, आणि तिच्यासाठी मैदान आहे कुठे? बेंगळुरूच्या जयदेव हृद्रोग संस्थेने तरुण हृदयरुग्णांची नोंद ठेवायला २०१७ पासून सुरुवात केली, त्यात रिक्षा व टॅक्सी चालवणारे बरेच आढळले. बसून काम, वेळी-अवेळी जेवण, अपुरी झोप आणि तंबाखू. लंडनच्या ड्रायव्हरांची कहाणी सत्तर वर्षांनी आपल्या दारात आली आहे.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. व्यायाम करा असा सल्ला देणाऱ्याने आधी व्यायामाला वेळ द्यावा. रेल्वे व टपाल प्रशासनापुढे पुढील मागण्या आपण शाखा-शाखांतून मांडायच्या आहेत :

१. ट्रॅक मेंटेनरच्या बीटची लांबी व खांद्यावरील हत्यारांचे वजन तज्ज्ञांकडून मोजून ठरवावे, आणि गॅंगमधील रिकाम्या जागा भराव्यात. चौघांचे काम दोघांनी केले की मोजणीला अर्थ उरत नाही.

२. रनिंग स्टाफची विश्रांती कागदावर न राहता पूर्ण मिळावी. रनिंग रूममध्ये हातपाय मोकळे करण्याची जागा असावी.

३. काउंटर, केबिन व सॉर्टिंगमधील कर्मचाऱ्यांना तासागणिक काही मिनिटे उठण्याची मुभा असावी आणि त्यासाठी रिलीव्हर असावा.

४. प्रत्येक विभागीय रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट नेमावा. ज्या ज्ञानाने खेळाडूचा गुडघा बरा होतो, त्यानेच कीमनचाही व्हावा.

५. रेल्वे इन्स्टिट्यूट व मैदाने सर्व कर्मचाऱ्यांना व कुटुंबीयांना खुली असावीत. महिलांसाठी दिवे, स्वच्छतागृह व राखीव वेळ असावी.

६. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात माणसाची हालचाल आणि खर्च होणारी शक्ती मोजण्याचे काम झाले आहे. अशा संस्थांकडून रेल्वे व टपाल कामगारांची पाहणी करावी आणि तिचे निष्कर्ष युनियनलाही द्यावेत.

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसा असे मी म्हणत नाही. बसून काम करणाऱ्यांनी जिथे जमेल तिथे चालावे. कष्टाचे काम करणाऱ्यांनी घरी येऊन पुन्हा धावण्याची गरज नाही, पण पाठ आणि गुडघे यांना बळ देणारे साधे व्यायाम शिकून घ्यावेत, झोप मोडू नये आणि तंबाखू सोडावी. चालताना छातीत दडपण येत असेल, तर "गॅस असेल" म्हणून घरी पडून राहू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावे. रक्तदाब किंवा साखर असलेल्यांनी एकदम जोराचा व्यायाम सुरू न करता डॉक्टरांना विचारून वाढवत न्यावा.

त्या कीमन मित्राला मी हे सगळे सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "म्हणजे मला आता व्यायामाच्या आधी रजा पाहिजे." बंधूंनो, त्या एका वाक्यात सगळे संशोधन आले. आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास आपले स्वतःचे, ही मागणी आपल्या आधीच्या पिढ्यांनी रक्त सांडून मिळवली. तेव्हा त्यांच्याकडे 'लॅन्सेट'चा आधार नव्हता. आज शास्त्र आपल्या बाजूने बोलत आहे. ते मागणीपत्रात उतरवणे आपल्या हातात आहे.

पुढच्या शाखा सभेत हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्यावा, ही विनंती.